हिरवी गल्ली

दुसऱ्याच्या संडासातून काय वाहतं याची चर्चा चहा-बिस्किटांबरोबर चवीनं करणारी माणसं मी माझ्या डोळ्यांनी पाहिली आहेत. शी! बरं, ही माणसं कुणी उडाणटप्पू नव्हेत. शिकलेली, पेन्शन घेणारी, सकाळी उठून प्राणायाम करणारी. नाशिकच्या आमच्या सौजन्य कॉलनीच्या नागरिक मंडळाचे स्वयंसेवक. मी, कालिंदी भडकमकर, त्याच मंडळाची जुनी सभासद. आता कुणी मंडळाचं नाव काढलं तरी मला मळमळतं.

मंडळ आधी असं नव्हतं, हेही सांगायला हवं. काविळीची साथ आली तेव्हा पिण्याच्या पाइपात ड्रेनेजचं पाणी मिसळत होतं, आणि महापालिकेला पत्ता लागेपर्यंत अर्धी कॉलनी अंथरुणाला खिळली होती. तेव्हा मंडळाचे अध्यक्ष पाटसकर साहेब, वीज मंडळातून निवृत्त झालेले इंजिनियर, खांद्यावर पाण्याचे कॅन घेऊन घरोघर फिरले. मी आणि माझी शेजारीण नलिनी टिपणीस, आम्ही शंभर माणसांची पेज शिजवली. नलिनीचा नवरा त्याच साथीत गेला. तेराव्याला पाटसकरांनी हात जोडून सांगितलं, "वहिनी, या कॉलनीत पुन्हा असं होऊ देणार नाही." आणि तो माणूस तेव्हा मनापासून बोलत होता.

त्यातूनच तो सेन्सर आला.

महापालिकेच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेत माझी उभी हयात गेली, त्यामुळे त्यामागचं शास्त्र मला चटकन पटलं. माणूस जे खातो, पितो, गिळतो, शरीर त्याचे तुकडे करतं आणि उरलेलं बाहेर टाकतं. ते सगळं ड्रेनेजमध्ये जातं. या यंत्रात एक पातळ पडदा असतो आणि त्याला इतकी बारीक भोकं असतात, की एका वेळी एकच रेणू त्यातून जाऊ शकतो. पडद्याच्या आरपार किंचितशी वीज वाहत असते. रेणू भोकातून घुसला, की वीज क्षणभर अडते. किती अडते, किती वेळ अडते, हे प्रत्येक रेणूचं वेगळं असतं. दारातून कोण आत आलं हे पावलांच्या आवाजावरून ओळखावं, तसं हे यंत्र रेणू ओळखतं. रोगजंतूंचे अंश, औषधांचे अवशेष, दारू, सगळं. पूर्वी ज्याला मोठी प्रयोगशाळा लागायची, ते आता साबणाच्या वडीएवढ्या डबीत मावत होतं.

पहिली डबी कॉलनीच्या शेवटच्या, मोठ्या चेंबरमध्ये बसवली. सगळ्यांचं पाणी एकत्र, त्यामुळे कुणाचं काय हे कळायचा प्रश्नच नव्हता. पुढच्याच पावसाळ्यात तिनं टायफॉइडची चाहूल आधीच दिली. आम्ही टाक्या साफ करून घेतल्या, पाणी उकळून प्यायलो, आणि साथ आलीच नाही. तेव्हा मीच सगळ्यांना पेढे वाटले होते.

मग वार्षिक सभेत पाटसकर उठले. "साथ येतेय हे कळतं, पण कुठल्या घरातून येतेय ते कळत नाही. माझा प्रस्ताव आहे, की प्रत्येक घराच्या चेंबरला एक डबी बसवावी."

मी ताडकन उभी राहिले. "साहेब, कॉलनीचं आरोग्य कळायला एक डबी पुरते. घराघराला लावलीत, तर लोकांची खासगी दुखणी चव्हाट्यावर येतील."

"लपवण्यासारखं आहे काय, भडकमकर बाई?"

सभेत हशा पिकला. हात वर झाले. नलिनीचाही झाला. मी तिच्याकडे पाहिलं तर ती म्हणाली, "माझा माणूस गेलाय, कालिंदी."

डब्या बसल्या. प्रत्येकाच्या मोबाईलवर कॉलनीचा नकाशा आला आणि नकाशावर घराघराचे ठिपके. हिरवा म्हणजे निरोगी, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, लाल म्हणजे धोका. ठिपक्यामागचा तपशील फक्त कार्यकारिणीला दिसणार असं ठरलं होतं. पण कार्यकारिणीला तोंडं होती ना! महिन्याभरात कोपऱ्यावरच्या जोश्यांकडे व्हिस्की रिचवली जाते हे कळलं, बँकेतल्या सावंतबाई मन शांत राहायच्या गोळ्या घेतात हे कळलं, आणि जैन कुटुंबातल्या थोरल्या मुलानं शनिवारी काय खाल्लं तेही कळलं. बाकावर बसून आजोबा मंडळी नाक मुरडत म्हणायची, "तेरा नंबरचं पोट अजून ठीक नाही वाटतं." दुसऱ्याच्या पोटाबद्दल! मी तिथून उठून घरी येऊन चूळ भरायचे.

आणि पुढची मजा ऐका. सकाळ झाली, की कॉलनीतून गाड्या बाहेर पडू लागल्या. कुठे? हायवेवरच्या मॉलमध्ये. ज्याला ज्याला ठिपक्याची भीती, तो तो मॉलच्या संडासात जाऊन यायचा. लाखो रुपयांच्या टाइल्स लावलेले घरातले संडास कोरडे ठणठणीत, आणि साहेब मॉलच्या शटरपाशी पोटावर हात धरून उभे. पाटसकर सभेत छाती फुगवून सांगायचे, की कॉलनीतले हिरवे ठिपके वाढले. वाढणारच!

मी मात्र घरीच जात होते. मला ना चोरून खायचं होतं ना प्यायचं.

माझ्या बंगल्याच्या मागच्या अंगणात जुना संडास आहे, मागच्या बोळात दार उघडणारा. तो आमच्याकडे स्वयंपाकाला येणारी छबू वापरायची. छबू कॉलनीतल्या आणखी पाच घरी पोळ्या करायची. पहाटे निघालेली बाई दुपारी मोकळी व्हायची, आणि मंडळाचा नियम असा, की कामवाल्या बायकांनी घरातले संडास वापरायचे नाहीत. गेटजवळचा त्यांच्यासाठी बांधलेला संडास पाणी नाही म्हणून कुलूप लावून ठेवलेला. हिच्या हाताच्या पोळ्या चालतात, हिनं मळलेली कणीक चालते, पण हिला लघवीला जागा नाही! मी छबूला केव्हाच सांगून टाकलं होतं, की मागचं दार तुझ्यासाठी उघडं असेल.

महिनाभराच्या सुट्टीवरून ती नुकतीच परतली होती. एक दिवस ती गेल्यावर मी पाणी टाकायला गेले, तर भांड्यात नारिंगी डाग. प्रयोगशाळेतलं डोकं, लगेच कळलं. क्षयाच्या एका औषधानं लघवी अशी नारिंगी होते.

दुसऱ्या दिवशी मी तिला ओट्यापाशी गाठलं. "छबू, टीबी झालाय का गं तुला?"

तिच्या हातातलं लाटणं थांबलं. "बाई, कुणाला सांगू नका. गावाला लग्न आहे म्हणून महिनाभर सुट्टी घेतली होती ना, तेव्हाच सुरू केल्या गोळ्या. दवाखान्यात तपासून घेतलं. आता माझ्यापासून कुणाला होत नाही म्हणाले, मगच आले कामावर."

बाईनं सगळं शहाण्यासारखं केलं होतं. दोन पोरं शाळेत, नवऱ्याचा पत्ता नाही, आणि तरी महिनाभर पगार बुडवून घरी बसली होती. मी म्हटलं, "कोर्स पुरा कर. एकही गोळी चुकवू नकोस. बाकी मी बघते."

आणि त्याच आठवड्यात माझा ठिपका लाल झाला.

क्षयाच्या बाबतीत डबी औषध ओळखते, जंतू नाही. क्षयाचे जंतू असतात छातीत, खोकल्यातून उडतात. ड्रेनेजमध्ये ते सापडत नाहीत. सापडतात गोळ्यांचे अवशेष. म्हणजे डबीला दिसतो तो उपचार घेणारा माणूस, ज्याच्यापासून आता भीती नाही. जो औषध घेत नाही आणि खोकत फिरतो, तो डबीच्या लेखी ठणठणीत. हे मी पाटसकरांना किती समजावलं! ते मास्क लावून, माझ्या फाटकाबाहेर चार हात लांब उभे होते. सोबत कार्यकारिणीतले दोघे, आणि मागे नलिनी.

"औषध आहे म्हणजे रोग आहे, बाई. तुम्ही एकट्या राहता. तुम्हाला आहे का, की घरात कुणी येतं?"

मी नलिनीकडे पाहिलं. छबू तिच्याकडेही पोळ्या करायची. पाटसकरांकडेही. नाव घेतलं असतं, तर दुपारपर्यंत पाचही घरांनी तिला हाकललं असतं, आणि मग औषधासोबत खायला तिला काय मिळालं असतं?

"माझ्या घरातून गेलंय ना? मग माझंच समजा," मी म्हटलं.

"आता तुम्ही बागेत फिरायला येऊ नका. आरतीलाही नको. कॉलनीच्या हितासाठी सांगतोय."

नलिनी त्यांच्या मागोमाग निघून गेली. तीस वर्षं आम्ही संध्याकाळी एकत्र फिरलो होतो. त्या दिवसापासून ती माझ्या घरासमोर आली, की रस्ता ओलांडून पलीकडच्या बाजूनं जायची आणि पदर नाकाला लावायची. पदर! माझ्या ताटातलं उष्टं खाल्लेली बाई. मला इतका संताप यायचा, की घरात येऊन मी उगाच भांडी आपटायचे. दूधवाला पिशवी फाटकाला अडकवून पळायचा. कुणीतरी माझ्या दारापुढे चुना टाकला.

छबू रडायला लागली. "बाई, सांगून टाका माझं नाव. नाहीतर मी उद्यापासून मागं येतच नाही."

"आणि जाशील कुठे? दुपारपर्यंत दाबून ठेवशील? गप्प बस. तू येणार, आणि गोळ्याही घेणार." मी दरडावलं तिला. ती मान खाली घालून गेली.

काही आठवड्यांनी सकाळी मोबाईल वाजला. माझा ठिपका हिरवा! पाटसकरांचा फोन. "अभिनंदन, बाई! बऱ्या झालात. रविवारच्या सभेला या, तुमचं स्वागत करायचंय."

मी पहिल्यांदा चक्रावले. मग बोटांवर महिने मोजले. छबूचा कोर्स अर्धाही झाला नव्हता. ती रोज येत होती, संडास वापरत होती. मग औषध गेलं कुठे?

मी तशीच चप्पल पायात अडकवून पाटसकरांकडे गेले. त्यांच्या सुनेनं, केतकीनं, दार उघडलं. तिला काही न सांगता मी सरळ स्वयंपाकघरात. छबू पोळ्या लाटत होती, पाटसकरांची नात तिच्या मांडीला टेकून कणकेची चिमणी करत होती. आणि छबू खोकत होती. कोरडा, खोल खोकला.

मी तिला मागच्या गॅलरीत ओढलं. "गोळ्या बंद केल्यास?"

"तुमचं नाव खराब होत होतं, बाई. लोक चुना टाकत होते." ती हळू आवाजात म्हणाली. "आणि आज ना उद्या माझ्यावर आलंच असतं. आता हिरवा झाला ना?"

मला तिच्या एक कानफटात द्यावीशी वाटली आणि तिला पोटाशी धरून रडावंसंही वाटलं. त्यातलं काहीच केलं नाही. तिचा हात धरला आणि रिक्षानं दवाखान्यात गेले.

डॉक्टर तरुण मुलगी होती, पण स्पष्ट बोलली. जंतू परत वाढलेत. नशीब, की अजून औषधाला दाद देताहेत. कोर्स पहिल्यापासून सुरू. आणि ज्या घरांमध्ये ही बंद स्वयंपाकघरात रोज तास-तास थांबायची, तिथल्या माणसांनी तपासून घ्यायला हवं. लहान मुलांनी तर नक्कीच. गरज पडली, तर प्रतिबंधक गोळ्या घ्याव्या लागतील.

बाहेर आल्यावर मी छबूला विचारलं, "काय करू? आता गप्प राहता येणार नाही गं."

"सांगा," ती म्हणाली. "ती पोर माझ्या मांडीवर बसते."

रविवारी सभेत नारळ आणि शाल तयार होती. पाटसकरांनी कौतुकाचं भाषण केलं. मी शाल न घेता माइक घेतला आणि सगळं सांगितलं. कुलूपबंद संडासापासून सुरुवात केली. ठिपका लाल होता तेव्हा तुम्ही सुरक्षित होतात, तो हिरवा झाल्यापासून धोक्यात आहात, हे दोनदा सांगितलं.

आधी कुणाला काही कळलंच नाही. मग एकदम गलका झाला. "ई! तिच्या हातच्या पोळ्या खाल्ल्या आम्ही!" एक बाई तोंडावर रुमाल धरून बाहेर पळाली. नलिनी ओरडली, "तू माहीत असून आम्हाला तिच्या हातचं खाऊ दिलंस?"

"पोळीतून होत नाही हा रोग, नलू, हवेतून होतो. आणि ती औषध घेत होती तोवर हवेतूनही होत नव्हता. तुम्ही तिचं औषध बंद पाडलंत."

"तिला कॉलनीत पाऊल टाकू द्यायचं नाही," पाटसकर गरजले. टाळ्या पडल्या. टाळ्या! त्या क्षणी मला सगळ्यांची इतकी शिसारी आली, की माइक टेबलावर फेकावासा वाटला. पण अजून एक गोष्ट सांगायची राहिली होती.

"तिला हाकला, हवं तर मला हाकला. पण पाचही घरांनी तपासून घ्या. पोरांना आधी न्या. प्रतिबंधक गोळ्या दिल्या, तर त्या घ्या. औषध त्याच कुळातलं आहे, तेव्हा तुमचे ठिपके लाल होतील. होऊ द्यात."

पाटसकरांनी भिंतीवरच्या मोठ्या पडद्याकडे पाहिलं. आमच्या गल्लीचे सगळे ठिपके हिरवेगार होते, आणि पुढच्या महिन्यात महापालिकेचं आरोग्य पारितोषिक जाहीर व्हायचं होतं.

"बघू," ते म्हणाले.

एक आठवडा गेला, दुसरा गेला. नकाशा हिरवाच. एकही घर लाल झालं नाही. मी दोन घरी जाऊन पाया पडायची बाकी ठेवली. एकानं दार लावून घेतलं. दुसरीनं सांगितलं, "तपासलंय हो, काही नाही निघालं," आणि नजर चुकवली. पारितोषिक मिळालं. गल्लीच्या तोंडाशी 'हिरवी गल्ली' अशी पाटी लागली. माझं घर छबूच्या औषधामुळे पुन्हा लाल झालं होतं, म्हणून मंडळानं ठराव करून ते नकाशावर शेजारच्या गल्लीत ढकललं.

छबूला डॉक्टरांनी कामाची परवानगी दिली, तेव्हापासून ती फक्त माझ्याकडे येते. मागच्या बोळातून. गेटवर तिला आत सोडत नाहीत.

मग एका सकाळी मागच्या दारावर टकटक झाली. पाहते तर केतकी, पाटसकरांची सून, कडेवर पोर. मुलगी रडवेली, दोन्ही मांड्या आवळून धरलेली.

"काकू, मोकळा आहे का?" ती खालच्या आवाजात म्हणाली. "हिच्या गोळ्या सुरू केल्यात. माझ्याही. बाबांना माहीत नाही. मॉलपर्यंत हिला दम निघत नाही, आणि घरी गेलो तर ठिपका..."

मला तिच्या तोंडावर दार आपटावंसं वाटलं. स्वतःच्या घरात चार संडास, आणि पोरीला दाबून ठेवायला लावून बोळातून आणलीस? पण पोरीचं काय चुकलं होतं? मी बाजूला झाले.

केतकीनंतर दुसऱ्या घरातले आले, मग तिसऱ्या. दोन दिवसांनी नलिनी आली. पदर नाकाला नव्हता. "काही बोलू नकोस," ती म्हणाली. संडास धुवायला मात्र मी तिच्या हातात बादली दिली, आणि तिनं मुकाट्यानं घेतली.

नकाशावर माझा ठिपका आता कोळशाच्या निखाऱ्यासारखा लाल असतो. हिरव्या गल्लीतलं अख्खं औषध माझ्या एका चेंबरमधून वाहतं. मंडळाच्या ग्रुपवर माझ्याबद्दल काय काय लिहितात, ते मी आता वाचत नाही. लिहिणारे कोण आहेत आणि कितीजण सकाळी कुठून जाऊन आलेत, ते मला ठाऊक आहे. किळस येते. तरी कडी काढते, कारण कडी लावली तर ही माणसं गोळ्या सोडतील, हिरवा ठिपका नाही.

परवा सकाळी पुन्हा टकटक झाली. बोळात पाटसकर साहेब उभे. टोपी डोळ्यांवर ओढलेली, रुमाल तोंडावर, आणि एक हात पोटावर. खोकल्यानं माणूस अर्धा झाला होता. माझ्याकडे न बघता म्हणाले, "बाई, जरा... मोकळा आहे का?"

"नाही," मी म्हटलं. "छबू आत आहे. थांबा."

त्यांनी एकदा बोळाकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. मग भिंतीला टेकून उभे राहिले आणि थांबले.